मालाला किती हात लागतात : विदर्भात मालगाडीच्या मागावर सहा दिवस

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत माल रवाना करायचं काम माझ्याकडे आहे. सभासदांचा कापूस जिनिंगला, म्हणजे सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, जातो, गाठी आणि सरकी आम्ही विकतो, जोडीला थोडी तूर, थोडं सोयाबीन. ट्रक शोधायचा, भाडं ठरवायचं, बिल्टी, म्हणजे मालाची पावती, करायची आणि ट्रक आला नाही तर रात्री अकरा वाजता घेणाऱ्याचा फोन उचलायचा. गेल्या हंगामात भाड्यानं गाठींच्या नफ्यातला मोठा घास खाल्ला. नोव्हेंबरच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदानं सरळ विचारलं, "आपला माल रेल्वेनं काहून जात नाई?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधायला डिसेंबरातले सहा दिवस काढले.

माझे मामा रेल्वेच्या माल कार्यालयातून निवृत्त झालेले, बडनेऱ्याला राहतात. फोनवर त्यांनी एकच काम सांगितलं. "दरपत्रक मागून पाहू पोरी. आधी एक मोज. माल शेतातून निघून घेणाऱ्याच्या दारात पोचेपर्यंत त्याला किती हात लागतात, ते मोज." म्हणून वहीत एक रकाना आखला. वर लिहिलं : हात.

दिवस पहिला : दारव्हा ते मूर्तिजापूर

सुरुवात घराजवळूनच. दारव्हा मोतीबाग स्टेशनात आता गाडी येत नाही. रुळांच्या मधून बाभळी उगवल्यात, एका ठिकाणी दोन स्लीपरांच्या मध्ये कुणीतरी गोवऱ्या थापल्या होत्या. शकुंतला नावाच्या जुन्या छोट्या गाडीचे हे रूळ इतके जवळ जवळ आहेत की मी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून सहज उभी राहिले. रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाइनीची १६७६.

एसटीनं कारंज्यावरून मूर्तिजापूर गाठलं. रस्ता बराच वेळ जुन्या लाइनीच्या आसपासच राहतो, त्यामुळे खिडकीतून मधूनच एखादी मोरी, एखादं पडकं स्टेशन दिसत जातं. मूर्तिजापूरला मामा थांबलेच होते.

यवतमाळ ते मूर्तिजापूर ही साधारण ११३ किलोमीटरची लाइन वऱ्हाडच्या कापसासाठी टाकली होती. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची. देशातली बाकी रेल्वे सरकारची झाली तरी ही लाइन खासगी मालकीचीच राहिली, गाड्या मात्र भारतीय रेल्वे चालवायची. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत इथं राबलं. इथला कापूसही मुंबईच्या बंदरातून मँचेस्टरलाच जायचा.

मामा मला स्टेशनच्या त्या भागात घेऊन गेले जिथं छोटी लाइन मोठ्या लाइनीला येऊन भिडायची. "इथं भिडायची, पण जुळायची नाई," ते म्हणाले. लहान वाघिणीतली, म्हणजे मालगाडीच्या डब्यातली, गाठ उचलायची आणि मोठ्या वाघिणीत ठेवायची. प्रत्येक गाठ. रुंदी वेगळी असल्यामुळे वाघीण तशीच पुढे जाऊ शकत नव्हती. आम्ही तिथंच कठड्यावर बसून मोजलं : जिनिंगमधून बैलबंडीत, बंडीतून स्टेशनच्या माल धक्क्यावर, धक्क्यावरून लहान वाघिणीत, लहानीतून मोठीत, मुंबईला मोठीतून गोदीत, गोदीतून जहाजात. सहा उचली. पुढं ट्रक आला, तो जिनिंगच्या दारात भरला आणि गिरणीच्या दारात रिकामा झाला. दोन उचली.

मामांच्या मते शकुंतला त्या मधल्या जास्तीच्या उचलींपायी मागं पडली. मला ते पुरतं पटत नाही. तिच्या रुळांची, पुलांची आबाळ झाली, गाडी इतकी हळू झाली की लोकांनीच नाद सोडला, हेही तितकंच खरं. पण मालापुरतं बोलायचं तर मामांचा हिशोब मला खोडता आला नाही.

दिवस दुसरा : वरुड

रात्री मामांकडे मुक्काम, सकाळी अमरावतीहून मोर्शीमार्गे वरुड. मोर्शी सोडली की दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे सुरू होतात. आंबिया बहाराची तोड चालू होती. नरखेड–अमरावती लाइनीवरच्या इथल्या स्टेशनाचं नावच वरुड ऑरेंज सिटी. पाटी पाहून बरं वाटलं.

एका बगीच्यात दोन तास थांबलो. बाया फळ देठाशी कात्रीनं तोडत होत्या, टोपलीत ठेवत होत्या. टोपली झाडाखालच्या ढिगावर, ढिगावरून निवड, निवडलेलं क्रेटमध्ये, क्रेट कोटिंगच्या कारखान्यात, तिथं धुऊन, मेण लावून, आकारानुसार वेगळं होऊन पुन्हा क्रेटमध्ये, मग ट्रकमध्ये. काही व्यापारी अजूनही ट्रकमध्ये तणस अंथरून त्यावर सुटं फळ भरतात. ट्रकची फळी लावणारा पोरगा तळाशी तणसाचा थर दाबत होता, आणि खालच्या थरातली फळं दिल्लीला पोचेपर्यंत कशी असतील ते मला इथूनच दिसत होतं. मी ढिगातलं एक संत्रं उचललं. सालीवर नखाएवढा ओरखडा होता. मालक म्हणाले, "ताई, आज हा ओरखडा. तीन दिवसांनी इथंच बुरशी. आनं शेजारच्या चार फळायले धरते ते."

संत्र्याला प्रत्येक हात महाग पडतो. गाठ आपटली तरी गाठच राहते.

२०२० च्या ऑगस्टमध्ये पहिली किसान रेल देवळालीहून दानापूरला निघाली आणि त्याच ऑक्टोबरात नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरला संत्री घेऊन गाडी गेली. तिची आठवण इथं अजून काढतात. भाड्यात पन्नास टक्के सवलत होती हे एक कारण. मला त्याहून मोठं वाटलेलं कारण वेगळं आहे : त्या गाडीत पुरी वाघीण भरायची अट नव्हती. एका शेतकऱ्याचे पन्नास क्रेट, दुसऱ्याचे दोनशे, वाटेतल्या स्टेशनावर तिसऱ्याचे वीस, सगळ्यांचा माल एका गाडीत. रेल्वेचा बाकीचा मालव्यवहार नेमका याच्या उलट चालतो. तिथं पुरी गाडी भरणाऱ्याला पहिला मान.

बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं तसा इथल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक आखडला. लांबची दुसरी बाजारपेठ धरायची तर फळ गार राहिलं पाहिजे आणि मधे उघडलं नाही पाहिजे. म्हणजे थंड कंटेनर, ज्याला व्यापारी रीफर म्हणतात. बगीच्याजवळच्या कोटिंग केंद्रात भरायचा, दार लावायचं, सील मारायचं, ट्रकवरून स्टेशन, तिथून रेल्वे. फळाला शेवटचा हात वरुडातच लागेल. मालकांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं की त्या डब्ब्याला वाटेत वीज कोण देणार. प्रश्न बरोबर आहे. थंड डब्ब्यांना गाडीत जनित्राची सोय लागते, आणि स्टेशनात गाडी रखडली तर तिथंही वीज लागते. वहीत लिहून घेतलं.

दिवस तिसरा : धामणगाव रेल्वे

या दिवसासाठीच मामा सोबत आले होते. पहाटे पाचला त्यांच्या ओळखीच्या कंत्राटदाराचा फोन : "रेक लागली."

रेक म्हणजे पुरी मालगाडी. खताची रेक आली की धामणगावच्या माल धक्क्यावर जत्रा भरते. धुकं होतं, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, चहावाल्याचा स्टोव्ह पेटलेला. बंदिस्त बीसीएन वाघिणी, बेचाळीस. दाराचं सील पक्कडीनं तोडलं, कडी गंजून बसली होती, ती दगडानं ठोकून काढली. दार सरकलं तसा युरियाचा तो ओलसर, नाकात चढणारा वास बाहेर आला.

हमालांनी डोक्यावर बारदानाची घडी ठेवली आणि काम सुरू झालं. पोतं ४५ किलोचं. पोत्यावर छापलंय की हूक लावू नका, आणि खरंच कुणाच्या हातात हूक नव्हता. एक जण वाघिणीत पोतं उभं करतो, दुसरा पाठ वळवून खाली वाकतो, पोतं मानेवर येतं, तो लाकडी फळीवरून आठ-दहा पावलं चालत ट्रकपाशी, तिथं तिसरा ओढून घेतो. फळी प्रत्येक पावलाला वाकत होती. मी घड्याळ लावलं, पण थोड्या वेळानं लाज वाटून बंद केलं.

मामांनी हिशोब सांगितला. एका वाघिणीत साधारण ६३ टन, म्हणजे १,४०० पोती. बेचाळीस वाघिणींत जवळपास ५९,०००. यातलं प्रत्येक पोतं धक्क्यावरून ट्रकमध्ये, ट्रकमधून गोदामात, गोदामातून विक्रेत्याच्या टेम्पोत, तिथून दुकानात, दुकानातून शेतकऱ्याच्या गाडीवर. पाच वेळा माणसाच्या अंगावर. फाटक्या पोत्यांतून सांडलेले पांढरे दाणे दोन बाया झाडूनं गोळा करत होत्या. तेही वाया जाऊ देत नाहीत.

वाघिणी रिकाम्या करायला मोजके तास मिळतात. त्यापुढं दर वाघिणीला दर तासाला डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. धक्क्यावरचा माल वेळेत हलला नाही तर वॉरफेज वेगळा. त्यामुळे इथं रेक रात्री दोनला लागली तरी माणसं दोनला उभी राहतात, पाऊस असो की थंडी. पावसावरून माझी एक जखम आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही सरकीच्या ढेपेची पोती अशाच एका धक्क्यावरून पाठवायचा प्रयत्न केला होता, गाव सांगत नाही. वर छप्पर नव्हतं. वाघिणी यायला दीड दिवस उशीर झाला, अवकाळी पाऊस आला, ताडपत्र्या कमी पडल्या. दोनशे पोती भिजली आणि ढेपेला कुबट वास लागला. तेव्हापासून आमच्या संचालकांपैकी कुणी रेल्वेचं नाव काढलं नव्हतं. पत्र्याचं साधं छप्पर असतं तर बैठकीतला तो प्रश्न तीन वर्षं आधीच विचारला गेला असता.

चहाच्या वेळी एका वयस्क हमालाशी बोलले. त्यांना मी कंटेनरचं, फोर्कलिफ्टचं, लाकडी फळ्यांवर रचून येणाऱ्या मालाचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, मायी मान पहा." मानेच्या मणक्यावर कातडीची जाड गाठ झालेली. "पोराले हे काम नोको, हे मी कईचंच ठरवलं. पण मशीन येईन तं त्या मशीनवर मायाच पोरगा बसला पायजे. भायेरचा नोको." महाराष्ट्रात माथाडी आणि हमालांसाठी १९६९ पासून कायदा आहे, त्यातून मजुरी, भविष्य निर्वाह निधी अशा गोष्टींना आधार मिळाला. धक्क्यांची नवी योजना आखताना या माणसांना यंत्रावरचं प्रशिक्षण देणं हा खर्चातला पहिला आकडा असला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. या धक्क्यांवर आजवर जे काही पोचलं ते यांच्या मानेवरून पोचलं.

परत येताना मामांनी आमचा स्वतःचा हिशोब काढायला लावला. आमच्या हंगामाच्या गाठी १,८००. गाठ १७० किलोची. एकूण ३०६ टन. वजनानं पाहिलं तर पाचच वाघिणी. कापूस हलका असल्यामुळे वाघिणीत वजन भरायच्या आधी जागा भरते, म्हणून जरा जास्त धरा. तरी बेचाळीसच्या गाडीसमोर आम्ही कुठं? मिनी रेक मागायची तरी वीसेक वाघिणी लागतात. आणि तोही माल एका दिवशी तयार नसतो, नोव्हेंबर ते मार्च थोडा थोडा येतो. सभासदांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या एसटीत मिळालं. रेल्वे गाडीनं मोजते, आम्ही गाठीनं मोजतो.

मामा बडनेऱ्याला उतरले. उतरताना खिशातली पक्कड माझ्या हातात दिली. वाघिणीचं सील तोडायची, त्यांच्या नोकरीतली.

दिवस चौथा : सिंदी रेल्वे आणि बुटीबोरी

सिंदी रेल्वे हे वर्धा आणि नागपूरच्या मधलं गाव, तान्ह्या पोळ्यासाठी नावाजलेलं. इथं मल्टीमोडल लॉजिस्टिक पार्कचा, म्हणजे रस्ता आणि रेल्वे यांत माल बदलायच्या मोठ्या तळाचा, प्रकल्प आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात त्यासाठी जवाहरलाल नेहरू बंदर आणि राष्ट्रीय महामार्गांची लॉजिस्टिक कंपनी यांच्यात करार झाला. मुंबई–हावडा मुख्य लाइन शेजारी, समृद्धी महामार्ग जवळ. जागा निवडणाऱ्यानं नकाशा नीट पाहिलाय. बंदराचं जे काम न्हावा शेव्याला होतं, म्हणजे तपासणी, कस्टम, सील, ते इथं गावाशेजारी झालं तर कंटेनरचा डब्बा वाटेत न उघडता थेट जहाजावर चढेल.

कंटेनर कसा हलतो ते पाहायला पुढं बुटीबोरीच्या बाजूला एका डेपोत गेले. रीच स्टॅकर नावाचं यंत्र, दोन मजली घराएवढं. त्यानं वीस फुटी डब्बा वरून चारही कोपऱ्यांना धरला, ट्रकवरून उचलला आणि सपाट वाघिणीवर ठेवला. वाघिणीच्या खुंट्या डब्ब्याच्या कोपऱ्यांतल्या भोकांत बसल्याचा "खट्ट" आवाज आला. दोन-तीन मिनिटं झाली असतील. आत काय आहे ते यंत्राला माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही नव्हती. अशा पंचेचाळीस वाघिणी, नव्वद डब्बे, आणि नव्वद वेगळ्या मालकांचा माल एका गाडीत. धामणगावहून निघाल्यापासून अडकलेली माझी गाठ इथं सुटली. पुरी गाडी मी भरायची नाही. मी एक डब्बा भरायचा.

तिथल्या सुपरवायझरनं दुसरी बाजूही सांगितली. रिकामा डब्बा आधी तुमच्या जिनिंगपर्यंत यावा लागतो आणि त्या रिकाम्या फेरीचं भाडं कुणीतरी भरतंच. डेपो तुमच्या दारापासून जितका लांब तितकी रेल्वेची बचत ट्रक खातो. दारव्ह्याहून बुटीबोरी म्हणजे ती बचत बहुतेक संपलीच.

१९५१ च्या सुमारास देशातला ८५ टक्क्यांच्या आसपास माल रेल्वेनं जायचा. आता २७ टक्क्यांच्या आसपास. राष्ट्रीय रेल्वे योजनेत २०३० पर्यंत ४५ टक्क्यांचं लक्ष्य आहे. नुसत्या कोळशावर ते गाठता येणार नाही, कारण त्याचा मोठा भाग आधीच रेल्वेत आहे. वाढ यायची तर ती आज ट्रकमध्ये असलेल्या सुट्या मालातून यायची, म्हणजे आमच्यासारख्यांच्या गाठींतून आणि वरुडच्या क्रेटांतून.

दिवस पाचवा : घुग्घुस, वणी

कोळशाचा मुलूख. इथं थोडक्यात लिहिते, कारण इथलं यंत्र आधीच चालू आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, साइडिंगा म्हणजे खाणीजवळच्या जोडलाइनी, उघड्या वाघिणींच्या गाड्या चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या वीज केंद्राकडे आणि त्याहून लांब. कोल इंडियानं खाणीपासून लाइनीपर्यंतचा पहिला टप्पाही ट्रकवरून काढून पट्ट्यावर आणि सायलोवर, म्हणजे उंच कोठीवर, न्यायचं काम हाती घेतलंय. सायलोखालून गाडी हळूहळू पुढं सरकते आणि वरून वाघिणी भरत जातात. हात शून्य.

जिथं अजून कोळशाचे टिप्पर चालतात तिथं रस्त्यालगतच्या शेतात मी पराटीवरचं बोंड तोडलं. कापसाच्या पाकळीत काळी रेघ होती. बोटानं पुसली तर पसरली. त्या शेतकरी ताई म्हणाल्या की व्यापारी हा कापूस पाहून भाव पाडतो. कोळसा पट्ट्यावरून गेला तर या ताईंच्या कापसाला भाव मिळेल, हे कोणत्या अहवालात लिहिलेलं असेल की नाही कुणास ठाऊक, माझ्या वहीत लिहिलं.

साइडिंगवर दोन मालगाड्या पुढच्या लाइनीची वाट पाहत उभ्या होत्या. देशात मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी हळू धावते असं नाही, ती उभीच फार राहते. म्हणून २०२५ मध्ये मंजूर झालेली कामं मला धक्क्यांइतकीच मोलाची वाटतात : वर्धा–भुसावळ तिसरी आणि चौथी लाइन, ३१४ किलोमीटर, इटारसी–नागपूर चौथी, २९७, गोंदिया–बल्लारशा दुहेरी, २४०. कोळशाला वेगळी वाट मिळाली तर मधल्या रिकाम्या वेळेत डब्ब्यांची गाडी घड्याळावर धावू शकते. घड्याळावर धावली तरच व्यापारी तिच्याकडे वळेल.

दिवस सहावा : कळंब

परतीची एसटी वर्ध्याहून, देवळी, भिडी, कळंब. नव्या लाइनीचा भराव मधूनमधून सोबत होता. वर्धा–यवतमाळ–नांदेड ही २८४ किलोमीटरची लाइन, त्यातला वर्धा–कळंब तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. मोठी लाइन, ती मुख्य लाइनीला जुळते. मूर्तिजापूरसारखी मधली उचल इथं नाही.

कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं, पायऱ्या उतरून कुंडापाशी थोडी बसले, मग स्टेशनावर गेले. नवा फलाट, कोरे खांब, भोवती कापसाची आणि तुरीची शेतं. मी मनातल्या मनात जागा मोजत होते : एक जादा लाइन, तिच्याशेजारी काँक्रीटची पट्टी, पत्र्याचं छप्पर, भाड्यानं आणता येईल असं एक यंत्र. २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या गतिशक्ती कार्गो टर्मिनलच्या धोरणात खासगी गुंतवणुकीला आणि रेल्वेच्या जागेवरही अशी सोय करायला वाव आहे. शेतकरी कंपन्यांनी एकत्र येऊन हे करावं, असं मी संचालकांपुढं मांडणार आहे. दारव्ह्याहून कळंब बुटीबोरीपेक्षा कितीतरी जवळ आहे.

पण डब्बे भरायला गाठी लागतात आणि आमच्या एकट्याच्या पुरत नाहीत. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर बसून ओळखीच्या तीन जिनिंगवाल्यांना फोन लावले. दोघांनी "पाहू" म्हटलं. तिसऱ्या काकांनी सगळं ऐकून घेतलं, डब्ब्यात किती गाठी मावतात, सील कोण मारणार, विमा कुणाचा, सगळं विचारलं. मग म्हणाले, "दर सोमवारी डब्बा माया दारात उभा राहीन, तेवढं लिहून दे बाई. एक सोमवार चुकला तं मी ट्रकवाल्याले फोन लावतो. लिहून देशीन तं आठवड्याले शंभर गाठी धर."

वहीत "हात" च्या शेजारी दुसरा रकाना आखला. वर लिहिलं : सोमवार. तेवढ्यात यवतमाळची एसटी लागली.